हौदाची पूजा

रंगाच्या कारखान्यात सांडपाण्याच्या हौदावर कामाला हाय म्हटलं की लोक नाक धरतात. धरा की! त्या हौदातले किडे मी दोन महिने पोटच्या पोरांसारखे जपले. किडे म्हंजे जिवाणू. डोळ्याला दिसत न्हाईत, पण टॉवेल रंगवलेल्या पाण्यातला रंग खातात. कॉलेजच्या निवेदिता मॅडमनी आणून सोडले. किड्यांना रोज गूळ-शेणाचं पाणी पाजायचं आन् हवेचं मशीन बंद पडू द्यायचं न्हाय. हौद तपकिरी, घाणच दिसायला पायजे. घाण हाय म्हंजे जिवंत हाय.

हे सगळं माझ्या बहिणीपायी, गोजरबाईपायी. ती होटगीकडं नाल्याला लागून राहती. आमच्या लाल पाण्यानं तिची विहीर नासली. तीन वर्षं बिचारी लांबच्या नळावरनं घागरी वाहत होती. मी शब्द दिलता, "माझे किडे रंग खातात, दसऱ्यापर्यंत निवळतंय बघ तुझं पाणी." नाला निवळला, मग पावसात विहीर पण निवळली.

खंडेनवमीला आमच्यात मशिनं धुऊनपुसून पुजतात. बारा वर्षांत माझ्या हौदाला कुणी हळदकुंकू लावलं न्हवतं. औंदा मॅनेजर वेणीमाधव साहेब म्हणाले, "धोंडीराम, यंदा तुझ्या हौदाचीही पूजा. झेंडूच्या माळा तूच आण. हौदाच्या फाटकाची किल्ली ठेव, साफसफाई करून घेतो."

माझी छाती फुगली. अक्कल गेली कुटं, देव जाणे! किल्ली दिली आन् बाजारात माळा निवडत बसलो.

परत आलो तर हौद पांढराफटक. ब्लीचिंग पावडरचा वास डोळ्यांत गेला. झाडूवाली अंबुबाई घामाघूम होऊन हसत उभी. म्हणाली, "अर्धं पोतं पावडर लागली की! पूजेला घाण कशी ठिवायची? तुझा मान हाय."

तिचा काय दोष? जीव तोडून घासलंतं तिनं. साहेबांवर ओरडलो, "अहो, मारले की सगळे! दोन महिने लागतील परत वाढवायला. तोवर रंगकाम बंद ठेवा."

"सणाचं अभद्र बोलू नकोस," साहेब म्हणाले. "परवापासून ऑर्डर सुरू आहे." आन् माझ्या हौदाच्या कडेवर नारळ फोडला.

दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन बहिणीकडं गेलो. तिनं तांब्या पुढं केला. "घे आण्णा, तुजंच पाणी. नळाला जायचं सोडलं बघ मी."

गार, नितळ पाणी. उद्या कारखाना चालू होणार, हे मला ठावं होतं. सांगायला पायजे होतं. तिचं हसू बघून जीभच उचलली न्हाय. भेकड मेला! पाणी प्यालो आन् "लई गोड हाय" म्हणालो.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "आण्णा, विहीर लाल झाली रं. सकाळच्या अंधारात दिसलं न्हाय, नातीला पाजलं. पोर सारखी उलट्या करतीय. तुजे किडे कवा मेले?"

"खंडेनवमीला."



"म्हंजे हितं बसून पाणी प्यालास, तवा तुला ठावं होतं."

मी व्हय म्हणायच्या आधीच तिनं फोन ठेवला.