मला म्हणे वास येतो!

मित्रांनो, मी एक जुनी, काळी घोंगडी आहे. माझ्या अंगाला मेंढ्यांचा वास येतो. नाक मुरडायचे असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण आज माझा राग नाकाच्या शेंड्यावर आहे.

कळमनुरी तालुक्यातल्या एका मेंढपाळाच्या घरी माझा जन्म झाला. मसाजीने मेंढ्या कातरल्या, त्याच्या बायकोने, चांगुणाबाईने, सूत कातले आणि विणकराने चिंचोक्याची खळ लावून मला विणले. मी उन्हात सावली झाले, थंडीत ऊब झाले. नुकतीच जन्मलेली कोकरे माझ्यातच गुंडाळत. 'घोंगडीला विटाळ नसतो,' असे म्हणून मसाजी मला देवापुढेही अंथरायचा. असा मान होता माझा!

मागच्या वर्षी वारंगा फाट्याच्या अलीकडे कळप रस्ता ओलांडत होता. भरधाव ट्रक आला, हॉर्न वाजला आणि चांगुणाबाईच्या डोळ्यांदेखत मसाजी गेला. बरोबर कितीतरी मेंढ्या गेल्या. ट्रक थांबलासुद्धा नाही.

त्यानंतर कुठे हॉर्न वाजला की चांगुणाबाईचा श्वास छातीत अडकायचा, हातपाय लाकूड व्हायचे. घर रस्त्याच्या अलीकडे, चराई पलीकडे, आणि तिला रस्ता ओलांडता येईना. मेंढ्या कुंपणात उपाशी ओरडायच्या. येणारे-जाणारे सांगायचे, "मन घट्ट करा, बाई." मन म्हणजे काय दोरीची गाठ आहे?

आरोग्य केंद्रात योग शिकवणारी पुनम एक दिवस घरी आली. तिने चांगुणाबाईला माझ्यावर उताणे निजवले आणि डोळे मिटायला सांगितले. चांगुणाबाई किंचाळून उठली. पुनम घाबरली, पण पोरगी गुणाची. तिने विचारले, "मावशी, काय दिसलं?"

"रस्ता दिसला, माय. हे पडलेले दिसले."

पुनमने पुन्हा कधी तिला डोळे मिटायला सांगितले नाही. "बसूनच करू. डोळे उघडे ठेवा. घोंगडीवर हात फिरवा, लोकर चाचपा. अन् श्वास सोडताना मेंढ्यांना हाक मारता ना, तसा आवाज काढा."

"हुर्रर्र..." चांगुणाबाईने लांबलचक हाक सोडली. कुंपणातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या आणि कितीतरी दिवसांनी ती हसली. मग रोज सकाळी हेच. डॉक्टरांच्या गोळ्याही चालू होत्या. दुःख गेले नाही, पण तिला झोप लागू लागली. हॉर्न वाजला की ती मला मुठीत धरायची, हळूहळू श्वास सोडायची आणि अडकलेला जीव मोकळा व्हायचा. माझ्या याच वासाने तिला कळायचे, की आपण रस्त्यावर नाही, घरी आहोत.

एवढ्यात योग दिन आला आणि गावचे पुढारी व्यंकटराव जागे झाले. त्यांनी पुनमला दटावले, "ती बरी झालेली बाई समोर बसली पाहिजे. पाहुणे येऊन राहिले." पुनम नको नको म्हणत होती. तिचे कोण ऐकतो? चांगुणाबाईला जीपमध्ये घालून रस्त्यापलीकडच्या मैदानावर नेले. अख्खा रस्ता तिने माझ्यात तोंड खुपसून काढला.

मंडपात व्यंकटरावांनी मला पाहिले आणि म्हणाले, "हे काय आणलं? वास मारून राहिलं ना! पाहुणे काय म्हणतील?" मला ओढून मंचाच्या पायरीपाशी टाकले. पाहुण्यांनी माझ्यावर चपला काढल्या. देवापुढे बसणारी मी! संतापाने माझा धागा न् धागा पेटला, पण घोंगडीला हात कुठे असतात?

चांगुणाबाईला नव्या गुळगुळीत प्लास्टिकच्या चटईवर बसवले. कर्ण्यातून हुकूम आला, "शवासन! प्रेतासारखे निश्चल पडा. डोळे मिटा!" सगळे मैदान आडवे झाले. तिला दिसली ती न हलणाऱ्या देहांची रांगच रांग. तिचा श्वास अडकला. हात लोकर शोधत चटईवर फिरू लागले.

"चांगुणाबाई, डोळे मिटा, डोळे! फोटो निघून राहिला," व्यंकटराव कर्ण्यावर ओरडले.

ती उठली. धडपडत पायरीपाशी आली. पाहुण्यांच्या चपला तिने एका झटक्यात उधळून दिल्या, मला उचलून अंगावर घेतले आणि लांब श्वास सोडला.

"अवं, काहून उठल्या?" व्यंकटरावांनी विचारले.

"माझा माणूस असाच पडला व्हता," ती म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "डोळे मिटले की तो मेलेला दिसतो. मला जगायचं हाय, म्हनून उघडे ठेवते. तुमाला फोटो पायजे तर तुमी पडा!"

पुनम रडत मंचावरून खाली आली. व्यंकटरावांनी जीप पुढे केली, चांगुणाबाईने नकारार्थी मान हलवली. रस्त्याच्या कडेला ती मला मुठीत धरून बराच वेळ उभी राहिली. दोन ट्रक हॉर्न वाजवत गेले. तिसरा यायच्या आत तिने रस्ता ओलांडला.

मित्रांनो, मला धुऊ नका, मिरवू नका, हवे तर सत्कारही करू नका. पण कुणाच्या जिवावर असा घाव बसला असेल, तर त्याला बरे करायला निघण्याआधी एकदा त्यालाच विचारा, "तुला काय दिसतं?" आणि उत्तर ऐकेपर्यंत कर्णा बंद ठेवा.