उलटी धरलेली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. माझ्या अंगावरचे रबर बोटांनी झिजून गुळगुळीत झाले आहे, गळ्यातला पट्टा मूळचा नाही. दूरचे जवळ दाखवणे हे माझे काम, आणि ते मी इमानेइतबारे केले. पण जे अगदी माझ्याजवळ, मला टेकून होते, ते मला कळूनही कुणाला सांगता आले नाही. काचेला तोंड नसते.

कारखान्यात माझी भिंगे घासली, त्यांवर पातळ लेप चढवला, नळ्यांत लोलक बसवले आणि आत धुके धरू नये म्हणून पोटात कोरडा वायू भरून मला बंद केले. मग मी एका दुकानाच्या कपाटात येऊन बसले. तिथे मला जिने निवडले ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर सूक्ष्मदर्शकातून रक्ताचे नमुने तपासायचे आणि सुट्टी मिळाली की नवऱ्याला आणि लेकीला घेऊन डोंगरात तंबू ठोकायचा, हा तिचा क्रम. पुढे घरात ऐकून ऐकून मीही तिला आईच म्हणू लागले.

"ही मोठी घेऊ या," बाबा म्हणाले. "वीसपट दाखवते!"

"अहो, ती तुमच्या हाताची थरथरही वीसपट दाखवील. आपल्याला डोंगरावर तंबू ठोकायचाय, चंद्रावर नाही."

"बरं बाई, तू म्हणशील ती पूर्व दिशा."

आईने मला हातभर लांब धरले. डोळ्याकडच्या भिंगांत उजेडाची दोन वर्तुळे दिसतात, ती पूर्ण गोल आहेत ना, ते पाहिले. मग दुकानाबाहेर जाऊन समोरच्या गच्चीच्या कठड्यावर नजर लावली. रेघ एकच दिसते की दोन? कडेला जांभळी किनार येते का? चष्मा लावून पूर्ण चित्र दिसते का? मी आठपट मोठे दाखवणारी, रुंद भिंगांची, गळ्यात जड न होणारी. सगळ्या परीक्षांत पास झाले.

माझ्या उजव्या भिंगाला एक फिरती कडी आहे. माणसाचे दोन डोळे सहसा सारखे नसतात. तो फरक या कडीने भरून काढायचा. आईने ती मधल्या खुणेवरून किंचित सरकवली आणि म्हणाली, "हं, आता लख्ख." तेव्हापासून ती खूण आमच्या दोघींची झाली.

ती वर्षे माझ्या सुखाची होती. पहाटे तंबूची चेन उघडली की आई मला गळ्यात अडकवून बाहेर यायची. मी तिला पलीकडच्या कड्यावरचे ससाण्याचे घरटे दाखवले, तळ्याकाठी पाणी प्यायला आलेली हरणे दाखवली. लेक फार बडबडी, म्हणून तिचे नाव टिटवी पडले होते. तिच्या हाती मला देताना आई बजावायची, "डोळा दुर्बिणीला, कुलूप तोंडाला. आधी पोटभर बघ, मग बोल." बिचारी टिटवी गाल फुगवून गप्प बसायची.

एकदा टिटवीच्या हातून मी खडकावर पडले. "आई, उजवीकडे ठिपका दिसतोय!" ती रडकुंडीला आली.

आई रागावली नाही. "ठिपका दुर्बिणीत आहे की तुझ्या डोळ्यात? उलटी धर. म्हणजे वरची बाजू खाली. आता उजवी नळी डाव्या डोळ्यावर आली. ठिपका कुठे गेला?"

"डावीकडे."

"म्हणजे दोष नळीत. उजवीकडेच राहिला असता, तर डोळ्यात. एकच गोष्ट बदलायची, बाकी तशीच ठेवायची. मग चूक कुणाची ते आपोआप कळतं."

भिंगावर बारीक ओरखडा आला होता. कडेला होता, त्याने काही बिघडले नाही.

टिटवी कॉलेजात गेली त्या सुमारास आईचे बोट माझ्या कडीवर वारंवार येऊ लागले. आमची खूण मागे पडली. प्रत्येक सहलीत कडी थोडी पुढे सरके, आणि एक दिवस ती टोकाला जाऊन अडली. तरी आई ती रेटतच होती. मित्रांनो, मी तीच होते. माझ्यात काही बदलले नव्हते. मला ओरडून सांगायचे होते की, बाई गं, मी नाही, तू!

आईला कळले का नाही, असे तुम्ही विचाराल. तिचा सूक्ष्मदर्शक एका नळीचा होता आणि त्याला ती कायम डावाच डोळा लावायची. एरवी दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची बाजू सांभाळून घेतो. शिवाय निकाल विचित्र आला तर आधी उपकरणावर संशय घ्यायचा, हा तिच्या कामाचा नियम. त्याच नियमाने तिने मला दुरुस्तीला टाकले. कारागीर म्हणाला, "यात काही दोष नाही." आई घरी येऊन म्हणाली, "त्याला सापडला नाही."

शेवटी नवी दुर्बीण घ्यायला तिघे त्याच जुन्या दुकानात गेले. तुलनेसाठी मलाही पिशवीत घातले होते. आईने एक उचलली, दुसरी उचलली, तिसरी उचलली.

"हिचीही उजवी नळी धूसर. मधोमध डागच आहे. हल्ली माल कसला बनवतात!"

"अगं, दुकानातल्या सगळ्याच कशा बिघडतील?" बाबा हसले.

टिटवी हसली नाही. "आई, उलटी धर."

"मला शिकवतेस?"

"धर ना."

आईने नवी दुर्बीण उलटी धरली. बराच वेळ धरली. नळ्या बदलल्या होत्या. डाग जागचा हलला नव्हता. तिने दुर्बीण हळूच खाली ठेवली.

बाबांना काहीच उमगले नव्हते. "मग कोणती घ्यायची?" त्यांनी विचारले.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार होता. डॉक्टर म्हणाले, "आणखी आधी यायला हवं होतं." उजव्या डोळ्याची मधली नजर परत आली नाही. डाव्यासाठी सुया टोचल्या, औषधे झाली. काही वर्षांनी तोही मधून विझत गेला. आईचा सूक्ष्मदर्शक सुटला. मी कपाटात कोंदट कपड्यांमागे पडून राहिले आणि माझ्याही भिंगावर बुरशीचे जाळे धरले. दोघी एकाच घरात, दोघी धूसर.

परवा टिटवीने मला शोधून काढले, साफ करून आणले आणि आईला हाताला धरून जुन्या डोंगरावर नेले. आईने मला मांडीवर घेतले. अंगठ्याने चाचपून कडी शोधली. ती अजून टोकालाच होती.

"मधल्या खुणेवर आण," ती म्हणाली. "मग तुझ्या डोळ्याला लाव."

"राहू दे ना आई, तू ठेवलेली तशीच."

"वेडी आहेस का? तो डोळाच राहिला नाही."

मित्रांनो, दुर्बीण निवडताना मोठ्या आकड्याला भुलू नका. बाहेर नेऊन पारखा, कोरड्या जागी जपून ठेवा. आणि कधी धूसर दिसले तर मला जरूर दोष द्या, पण एकदा उलटी धरून. मधूनमधून एकेक डोळा हाताने झाकून दूरवर बघा. भिंग बदलता येते.

टिटवीने कडी फिरवली आणि मला डोळ्याला लावले. समोरच्या कड्यावर ससाण्याचे घरटे होते, त्यात पिल्ले माना वर काढत होती. जुन्या सवयीने ती गप्प राहून बघत राहिली.

आईने जरा वाट पाहिली. मग चाचपडत तिचा दंड धरला.

"गप्प का गं? बोल ना, टिटवे."