पितळी व्हॉल्व्ह

मिस्त्रींनी बसवलेला जोड गळला असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज पडत नसे, सत्तावीस वर्षं नळकाम करून ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

त्यांची बायको दातांच्या एका दवाखान्यात साफसफाईला होती. तिथल्या बाकासमोर, भिंतीत बांधून घेतलेली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. तिच्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची जोडी, एक लाल झिंगा आणि एक समुद्रफूल. नावाला फूल, बाकी जिवंत प्राणी. मासे त्याच्या लुसलुशीत पाकळ्यांत शिरून झोपत. काच पुसता पुसता अकरा वर्षांत त्यांना दाणे टाकणंही तिच्याकडेच आलं. त्या जोडीला ती नवरा-बायको म्हणे. मोठी ती बायको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि लहानग्याने जरा पुढे पुढे केलं की ती त्याला कोपऱ्यात घालवते हे तिने रोज पाहिलं होतं. "आपल्या घरी उलटं आहे," ती मिस्त्रींना सांगे. मिस्त्री खूश होऊन हसत.

मग डॉक्टरांनी दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला जायचं ठरवलं. टाकी काही भिंतीतून निघणारी नव्हती. "बाई, मासे तुम्ही नेता का?" त्यांनी विचारलं. "तुमच्याइतकं त्यांना कुणी ओळखत नाही." अख्ख्या संसारात बायकोने स्वतःसाठी काही मागितल्याचं मिस्त्रींना आठवत नव्हतं. त्या संध्याकाळी तिने मागितलं.

हाताशी एक महिना होता आणि खिसा फाटका. पण अंथरूण पाहून पाय पसरणं मिस्त्रींच्या अंगवळणीच पडलेलं. मासेवाल्या दुकानदाराची तुंबलेली मोरी त्यांनी मोकळी करून दिली आणि बदल्यात ओरखडे पडलेली एक जुनी टाकी उचलून आणली. खाली ठेवायला प्लॅस्टिकचा पिंप घरातच होता: टाकीतलं पाणी पाइपाने पिंपात उतरायचं, स्पंजातून गाळलं जायचं आणि जुन्या कूलरच्या पंपाने परत वर चढायचं. दगड डॉक्टरांनी दिले. मीठ तेवढं विकत घ्यावं लागलं, कारण स्वयंपाकाच्या मिठावर ही मंडळी जगत नाहीत.

मीठ आणायला बायको गेली होती. दुकानदाराने तिला बजावलं, "दगड घालून पाणी महिनाभर नुसतं फिरू द्या. आणि पाण्याला धातू लागता कामा नये. एक स्क्रूसुद्धा नको."

ती घरी आली तेव्हा मिस्त्री पाइपावर व्हॉल्व्ह बसवत होते. प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह दोन चहाच्या पैशांत आला असता. पण त्यांच्याकडे एका मोठ्या कामातून उरलेला जाड पितळी व्हॉल्व्ह होता. आपलं घर बांधू तेव्हा लावू म्हणून नऊ वर्षं त्यांनी तो तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. घर काही झालं नाही. बायकोने पहिल्यांदा काही मागितलंय, तर आपल्याकडचं सगळ्यात चांगलं तिथेच लागू दे, असं त्यांच्या मनात आलं होतं. तिला तसं सांगितलं मात्र नाही.

"अहो, दुकानदार म्हणाला धातू नको."

"लोखंड म्हणायचं असेल त्याला. ते गंजतं. पितळ गंजत नाही."

"पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं. मग खारं नाही का कळकणार?"

"स्वयंपाकघरातलं शहाणपण नळकामात चालत नाही," मिस्त्री म्हणाले. "तू मासे सांभाळ, पाणी मी सांभाळतो."

सत्तावीस वर्षांपुढे ती तरी काय बोलणार?

महिन्याने मासे आले. झाकण लावलेली बादली तिने वाटभर मांडीवर धरली होती. संध्याकाळी नवरा-बायको समुद्रफुलात शिरले, आणि ती स्टुलावर बसून इतका वेळ बघत राहिली की भात करपला. मिस्त्री करपलेला भात तक्रार न करता जेवले.

नवव्या दिवशी, रविवारी, झिंगा मेला. म्हातारा झाला असेल, असं दोघांनीही म्हणून घेतलं. सोमवारी समुद्रफूल मुठीएवढं आकसलं. बायको नव्या कामावर गेल्यावर मिस्त्रींनी वाकून पाइप पाहिला. व्हॉल्व्हच्या जोडावर हिरवट थर जमला होता. त्यांनी बोट फिरवलं, बोट हिरवं झालं. त्यांना तिथल्या तिथे सगळं कळलं.

दुकान दहा मिनिटांवर होतं. बादली उचलून मासे तिथे नेऊन ठेवता आले असते. पण मग तिला सांगावं लागलं असतं, आणि बायकोसमोर आपलं पितळ उघडं पडणं त्यांना सोसवेना. शुक्रवारी ती बहिणीकडे जाणार होती. तेव्हा गुपचूप व्हॉल्व्ह बदलू, पाणी बदलू, चार दिवसांत असं काय होतंय? त्यांनी बोट पँटला पुसलं.

मंगळवारी तिने विचारलं, "अहो, त्या व्हॉल्व्हचं तर नसेल?"

"व्हॉल्व्ह ठणठणीत आहे. तू दाणे जास्त टाकतेस."

तिने दाणे कमी केले. बुधवारी अगदी चिमूटभर, गुरुवारी तेवढेही नाहीत. शुक्रवारी सकाळी समुद्रफुलाचा गिळगिळीत लगदा झाला होता, घरभर वास सुटला होता आणि नवरा-बायको तळाशी शेजारी शेजारी पडले होते. ती बहिणीकडे गेली नाही. "माझ्याच हाताला यश नाही," एवढं म्हणाली आणि दाण्यांचा डबा शेजारणीला देऊन टाकला.

ती कामावर गेल्यावर मिस्त्रींनी प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह बसवला, नवं पाणी भरलं. रिकाम्या टाकीतलं पाणी छान फिरत होतं, एक थेंब गळत नव्हता. तिने टाकीवर जुनी चादर टाकली.

दोन महिन्यांनी डॉक्टरांचा फोन आला. मिस्त्री समोरच बसले होते.

"छान आहेत," बायको फोनवर म्हणत होती. "हो, अजून तिच्याच धाकात आहे तो... झिंगाही मजेत... नाही नाही, त्रास कसला?"

फोन ठेवून ती टाकीवरची चादर उगाच सारखी करू लागली. या बाईने अकरा वर्षांत डॉक्टरांना कधी खोटं सांगितलं नव्हतं. मिस्त्रींना बसवेना.

"तुझ्या हाताने नाही गेले ते," ते म्हणाले. "व्हॉल्व्ह कळकला होता. मी पाहिलं होतं."

व्हॉल्व्हबद्दल ती बोलेल, स्वयंपाकघरातल्या शहाणपणाबद्दल बोलेल, असं त्यांना वाटलं. ते सगळं ऐकून घ्यायची त्यांची तयारी होती.

"कधी पाहिलंत?" तिने विचारलं.

"सोमवारी."

"सोमवारी दोघं पोहत होती," ती म्हणाली, आणि भाकरीचं पीठ काढायला आत गेली.