उस्तादांचा पाय

माझ्या सासऱ्यांचा पाय थरथरतो, हे घरात सगळ्यात आधी माझ्या नवऱ्याने ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलंच. त्याला एखादी गोष्ट पटली की ती बाकी कुणाला पटली नाही तरी त्याचं काही अडत नाही.

सासरे पिकअप चालवतात. डोंगरावरच्या दगडखाणीत पाण्याचे कॅन, भाजीची पोती, अवजारं असं सगळं वर न्यायचं आणि वळणावळणाच्या उताराने खाली यायचं, हे त्यांचं रोजचं काम. खाणीवर त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. खाली रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे आणि त्याच भिंतीला टेकून नवऱ्याचं गाड्या धुण्याचं सेंटर. एकीने मळवायचं आणि एकाने धुवायचं, तुमचं बरं जमलंय, असं सासूबाई म्हणतात.

त्या दिवशी नवरा कामासाठी खाणीवर गेला होता आणि येताना बापाशेजारी बसून आला. दर वळणावर ब्रेक दाबला की बाबांचा पाय गुडघ्यापर्यंत हलताना त्याने पाहिला. हातातलं स्टिअरिंगही थरथरत होतं. जेवायला बसल्यावर त्याने विषय काढला. आता पुरे झालं, वय झालंय, उतारावर काही झालं म्हणजे? एक ड्रायव्हर त्याने बघूनही ठेवला होता, तो तीन दिवसांनी येणार होता. मला वाटलं, आता बाबा याची बिनपाण्याने हजामत करणार. पण बाबांनी कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली गाडीची किल्ली काढली, त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि हात धुवायला गेले.

तेच मला झोंबलं. आमटी जरा पातळ झाली तर अर्धा तास वाद घालणारा हा माणूस, आणि इथे एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसले होते. मधेच उजवा तळवा गुडघ्यावर दाबून बघायचे. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि यांना काय झालंय ते तूच बघ, म्हणाल्या. जणू नवरा गॅरेजात सोडायलाच आल्या होत्या. मला हसू आलं.

मी बाबांना सरळ विचारलं, की गाडी हलत असेल तर माझ्याकडे का नाही आणली?

"डिस्क नव्या आहेत," ते म्हणाले. "तूच बसवल्यास. मग हलतोय तो मीच ना?"

डिस्क म्हणजे चाकामागची बिडाची जाड थाळी. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. थाळी झिजत जाते. किती झिजली की फेकायची, तो आकडा तिच्या कडेवरच कोरलेला असतो. बाबांच्या आधीच्या डिस्क कित्येक वर्षं चालल्या आणि दोन महिन्यांपूर्वी त्या आकड्याच्या खाली गेल्या, म्हणून मी नव्या घातल्या. बसवायच्या जागेवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून काढला होता, चाकाचे नट समोरासमोरचे धरून सारख्या जोराने आवळले होते. त्या कामात खोट निघाली तर नाक माझं कापलं जाणार होतं. निघू दे म्हटलं, नाक माझं आहे.

मी नवऱ्यापुढे हात केला आणि किल्ली मागितली. कशाला, असं त्याने विचारलं. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं, त्याने दिली. बाबांना शेजारी बसवून मी गाडी चढावर नेली, वळवली, उतारावर वेग घेतला आणि ब्रेक दाबला. पेडलने माझ्या तळव्याला खालून ठोसे द्यायला सुरुवात केली आणि माझा गुडघा नाचायला लागला.

"बाबा, माझं पण वय झालं वाटतं," मी म्हटलं.

ते माझ्या पायाकडे बघत राहिले. तेव्हापासून त्यांनी गुडघा दाबणं सोडलं.

गॅरेजात आल्यावर गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक काढलं, डिस्क नटांनी जागेवर घट्ट केली. डायल गेज आणलं. घड्याळासारखी तबकडी असते आणि तिला एक टोकदार दांडी. दांडी डिस्कच्या अंगाला टेकवायची आणि डिस्क हाताने हळू फिरवायची. डिस्क सरळ असेल तर काटा जागचा हलत नाही. अंधार होता म्हणून टॉर्च धरायला बाबांनाच सांगितलं. खरं तर मुद्दामच सांगितलं. नवऱ्यालाही हाक मारून उभं केलं. मी डिस्क फिरवली तसा काटा पुढे गेला, मागे आला, परत पुढे गेला. बाबांच्या हातातला उजेड मात्र काट्यावर खिळ्याने ठोकल्यासारखा स्थिर होता. दुसऱ्या बाजूची डिस्कही तशीच निघाली.

वाटलं, नवरा गप्प बसेल. पण तो माझा नवरा आहे. म्हणाला, ठीक आहे, पाय नसेल थरथरत, पण नव्या डिस्क दोन महिन्यांत वाकल्या कशा? बाबा सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवून येत असणार, तापवून तापवून वाकवल्या असणार. म्हणजे हात गेला नसेल तर हातोटी गेली, ड्रायव्हर परवा येणारच. बाबांच्या हातातला टॉर्च खाली आला. खोटं कशाला सांगू, नवऱ्याचा मला भयंकर राग आला, पण प्रश्न त्याने बरोबर विचारला होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद ठेवलं आणि बाबांबरोबर खाणीवर गेले. येताना माझी नजर सबंध वेळ त्यांच्या पायावर. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी इंजिनवर तोलून धरलेली. वळणाआधी एकदा नीट दाबायचं, वेग उतरला की पाय पूर्ण उचलायचा. थरथरत्या पेडलवरही तेच. मला नवीन पोरांना शिकवायचं झालं तर मी याहून वेगळं काही शिकवणार नाही. शेवटच्या वळणावर मी म्हटलं, बाबा, तुमचं काहीही चुकत नाही. त्यांनी मान हलवली, पण चेहरा काही उजळला नाही. चुकत नसेल तर डिस्क का वाकल्या, याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

गाडी आवारात शिरली तशी नवऱ्याने धुवायला घेतलेली मोटार अर्धवट सोडली आणि जोराचा फवारा मारणाऱ्या पंपाची बंदूक घेऊन धावत आला. हे रोजचंच. बापाची गाडी आली की रांग बाजूला, आधी ती. सुरुवात चाकांपासून, कारण खाणीची धूळ तिथेच जास्त बसते. पूर्वी बाबा स्वतः सकाळी बादली घेऊन धुवायचे. नवा पंप आल्यापासून त्याने त्यांना बादलीला हात लावू दिला नव्हता. मी दारातून पाय खाली टाकत होते आणि चर्रर्र आवाज आला. पुढच्या चाकातून वाफेचा लोट वर आला.

मी जागीच थांबले. पंप कधी आला? दोन महिन्यांपूर्वी, डिस्कच्याच आठवड्यात.

"बंद कर," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही, तेव्हा जाऊन पंपाचं बटण मीच बंद केलं. "तुझी आई चुलीवरचा लाल तवा कधी नळाखाली धरते का?"

त्याला आधी काहीच कळेना. मग त्याने वाफेकडे पाहिलं, हातातल्या बंदुकीकडे पाहिलं, आणि त्याला ते कळताना मला दिसलं. डोंगर उतरून आलेली डिस्क भाजलेली असते. तिच्या एका अंगावर गार पाण्याचा फवारा मारला की ती बाजू आखडते, दुसरी तशीच राहते, आणि थाळी वाकते. हे तो दोन महिने रोज, इतकी गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून, मनापासून करत होता. बापाचा पाय तोच हलवत होता.

त्याने गाडीला लावलेली किल्ली काढून आणली. गाडी कुणी न्यायची, हे आता तोच ठरवत होता, सकाळीही ही किल्ली त्याच्याकडूनच मागून घ्यावी लागली होती. ती त्याने बाबांपुढे धरली. बाबांनी घेतली नाही.

"मला वाटलं, मी संपलो," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "दोन रात्री मी पाय धरून बसलोय. तू एकदा विचारलं असतंस, तर सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस, ठरवलंस."

नवऱ्याचे डोळे भरून आले आणि तो ते पुसायलाही विसरला. बाबांनी मग त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि पट्ट्याला अडकवली.

त्यानंतर आम्ही परत नव्या डिस्क घातल्या. नट बाबांनी आवळले, मी नुसती बघत होते. पॅड नव्या डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहिले काही दिवस हलक्या हाताने ब्रेक मारायचा असतो, तेही त्यांनी मलाच समजावून सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं. ड्रायव्हरला नवऱ्याने स्वतः जाऊन नको म्हणून सांगितलं.

आता खाणीवरून गाडी आली की नवरा धावत येतोच, पण हातात दोन खुर्च्या असतात. चाकं गार होईपर्यंत पाणी मारायचं नाही. तेवढा वेळ बापलेक गाडीशेजारी बसतात. पहिले काही दिवस दोघेही चाकाकडे बघत गप्प असायचे. काल मी भिंतीपलीकडून ऐकलं, नवऱ्याने विचारलं, "बाबा, आज उतार कसा होता?" आणि बाबा सांगायला लागले. चाकं केव्हाच गार झाली होती, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.