धूप गिळलेला सिलिंडर

मित्रांनो, मी एक जुना ॲल्युमिनियमचा सिलिंडर आहे आणि मला माझ्याच पोटाची किळस येते. लालबागच्या एका चाळीच्या जिन्याखाली मी पडून असतो. गणपती आले की माझ्यात फुग्यांचा गॅस भरतात. एके काळी माझ्या पोटात फक्त समुद्रावरची हवा असायची.

मी एका प्रयोगशाळेत होतो. तिथले शामराव साहेब हवेचा अभ्यास करत. आकाशातून येणाऱ्या किरणांमुळे हवेत एक किरणोत्सारी कार्बन तयार होतो आणि त्याचा आधी कार्बन मोनॉक्साइड बनतो. हवा तो हळूहळू धुऊन काढते. तो किती उरला हे मोजले की हवा स्वतःला किती नीट साफ करते ते कळते. लाकूड किंवा नारळाची शेंडी जळली तरी हाच कार्बन निघतो, म्हणून माझ्याजवळ विडी ओढायलाही बंदी होती.

मला भरण्याचे काम जयवंताचे. संपात त्याची गिरणी कायमची बंद पडली आणि बरीच वर्षे हमाली केल्यावर त्याला ही नोकरी मिळाली होती. तो मला कफ परेडच्या मच्छीमार नगरात नेई आणि समुद्राकडून वारा सुटला की पंप लावी. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासाने माझे डोके उठे, पण जयवंत मला मायेने पुसायचा, म्हणून मी सोसत असे.

मग दसरा आला. गिरणीत असताना जयवंताने साच्याची, म्हणजे आपल्या मागाची, पूजा कधी चुकवली नव्हती. त्याने मला हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली आणि पेटत्या शेंडीवर धूप टाकून धुपाटणे थेट हवा ओढणाऱ्या नळीसमोर ओवाळले. पंप चालूच होता. तो चिकट धूर घटाघटा माझ्या पोटात गेला. मला ओकारी येत होती, पण सिलिंडरला ओकता येत नाही.

प्रयोगशाळेत मोजले तेव्हा त्या कार्बनचा आकडा नेहमीच्या कितीतरी पट आला. शामरावांना वाटले, हवा स्वतःला साफ करीनाशी झाली, हा मोठा शोध लागला. सत्कार झाला, हार पडले. जयवंताला आपली चूक उमगली तेव्हा त्याची बायको मालन म्हणाली, "आता दुसरी नोकरी खंय गावतली? गप ऱ्हवा." मला पुसता पुसता त्यानेच हे मला सांगितले.

तरी तो मला घेऊन साहेबांकडे गेला. "साहेब, तो आकडा खोटा हाय. दसऱ्याला मी नळीपाशी धूप दाखवलेला."

"भलतंच काय बोलतोस, जयवंत? उद्या माझं दिल्लीला भाषण आहे."

जयवंताने माझी चावी फिरवली. उरलेली हवा सूं करत बाहेर आली आणि खोलीभर धुपाचा वास पसरला. शामराव उठले आणि त्यांनी पंखा लावला.

"कुठाय वास?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जयवंताला कामावरून काढले. कारण दिले, नमुन्याची हवा वाया घालवली. मला भंगारात टाकले, तिथून जयवंतानेच उचलून आणले. आता तो फुगे विकतो.

मित्रांनो, पोटातला धूर धुता आला असता. मला नीट तापवून आतली हवा ओढून काढली असती तर मी पुन्हा स्वच्छ झालो असतो. शिसारी बसली आहे ती त्या पंख्याची. माझ्यासारख्यांची पूजा नका करू, आम्हाला स्वच्छ ठेवा. आणि चुकून घाण गेलीच, तर ती सांगायला येणाऱ्या माणसासमोर पंखा लावू नका.