लेकीच्या इंजिनाचं हेड

रविवारच्या शर्यतीसाठी लेकीने मोटरसायकलचं सिलिंडर हेड सोडवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं होतं. हवा आत जायची वाट ती हातातल्या छोट्या ग्राइंडरने रुंद करत होती. थोडं घासायची, थांबायची, लांब पायांच्या कॅलिपरने भिंतीची जाडी मोजायची.

"अशी मोजत बसलीस तर शर्यत पुढच्या वर्षी," मी म्हणालो. माझी चाळीस वर्षं गॅरेजात गेलेली.

"बाबा, इथे भिंत पातळ आहे. पलीकडून इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतं."

"मला माझं बोट सांगतं. आण इकडे."

तिने ग्राइंडर दिला. बापाला नाही कसं म्हणणार? मी दुसऱ्यांदा टेकवला आणि तो आरपार गेला. भोक मिरीएवढंच, पण हेड गेलं आणि शर्यतही.

मी वेल्डिंगचं काहीतरी बोलू लागलो. "राहू दे बाबा," म्हणत ती टेबल पुसायला लागली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी ती जिंकली. त्या शर्यतीचं नवं हेड तिने मैत्रिणीच्या घरी घासलं होतं, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं.