कळ काढा!

मी बोलतेय, गोठ्यातल्या देवळीतली बाटली. लवकर ऐका, मला धीर नाही. माझ्यावर ना नाव, ना कंपनी. भोकरदनच्या बाजारात कुणीतरी पिशवीआडून मला विकलं. कडूबाईंच्या म्हशीचं रेडकू मेलं आणि ती पान्हा चोरायला लागली, म्हणून मी आले. सुई टोचली की दोन मिनिटांत धारा सुरू! अशी मी विकायची नाही म्हणे, पण गोठ्यात कोण बघतो?

आज सकाळी कडूबाईंच्या सुनेला, वर्षाराणीला, कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण पोर. तिच्या नवऱ्यानं, सुग्रीवनं, दवाखान्याच्या गाडीला फोन केला. गाडी निघालीही होती. पण दुपारी अमावस्या लागत होती ना! "आमुशाच्या आत मोकळी झाली पाह्यजे," एवढंच कडूबाईंचं चालू. आत-बाहेर, आत-बाहेर. बाई स्वतः बसेना आणि कुणाला बसू देईना.

रेंज गोठ्यापाशीच येते. तिथं उभं राहून त्यांनी गावच्या कौसल्या सिस्टरला फोन लावला. "बाई, जल्दी व्हायला काही करावं का?"

पलीकडून नुसती खरखर. "गाडी येतेय... तोवर कळ काढा मावशी, कळ काढा!" आणि फोन कट.

"आयकलं का रे सुग्रीव? सिस्टरच म्हनली, कळा काढा!"

अहो बाई, कळ काढा म्हणजे दम धरा! पण बाटलीचं ऐकतो कोण? कडूबाईंचा हात सरळ माझ्यावर पडला. म्हशीचीच सुई, सवयीचा हात. माझा अर्धा जीव सुईत गेलासुद्धा.

मी घाबरले. माझा जोर मला माहीत आहे. मी गर्भपिशवी आवळायला लागले की उसंतच देत नाही. दोन कळांच्या मधे बाळाला प्राणवायू पोचतो, तेवढीही सवड मी ठेवत नाही. पिशवी फाटूही शकते.

वर्षाराणी भिंतीला टेकून कण्हत होती. सुई बघताच तिनं सासूचं मनगट धरलं. "आत्या, म्हशीला देता तीच ना ही?"

"तीच. बिलकुल भिऊ नको. म्हशीला काही झालं का आजवर?"

"म्हशीच्या पोटात तवा रेडकू नसतं, आत्या! माझ्या पोटात लेकरू हाय!"

कडूबाई जागीच थिजल्या. सुग्रीव ओरडला, "आई, ठिव ती खाली!" कडूबाईंनी सुईतलं सगळं जमिनीवर उडवलं. तेवढ्यात गाडीचा आवाज आला. त्या गडबडीत मला कनवटीला खोचून त्या गाडीत चढल्या.

रुग्णालयात कळा मंदावल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं. त्यात माझंच औषध होतं, पण मोजून-मापून.

"ह्याच्यात काय हाय?" कडूबाईंनी विचारलं.

"कळा वाढायचं औषध. थेंबाथेंबानं देतो, अन् बाळाचे ठोके सारखे ऐकतो. ठोके कमी झाले की लगेच बंद."

कडूबाईंनी कनवटीवरून मला चाचपलं. मग बाकावर बसून त्या हमसून हमसून रडल्या. मलाही रडू येत होतं, पण बाटलीला कुठले डोळे?

मुलगी झाली. रडली तीही अशी, की सारा व्हरांडा दणाणला. अमावस्या केव्हाच लागली होती. कडूबाईंनी नातीला छातीशी धरलं, मग मला काढून रुग्णालयातल्या सिस्टरच्या टेबलावर ठेवलं. "घ्या बाई ही. घरी ऱ्हायली तर घाईत पुन्हा हात जाईल माझा."

आता मी या टेबलावर आहे, अर्धी भरलेली. सिस्टर कामात आहेत. आणि आत्ताच दारातून दुसरी एक सासू डोकावतेय. "बाई, आमची सून लई तळमळून राह्यली वो. जल्दी मोकळी व्हायचं इंजेक्शन हाय का?" बोलता बोलता तिची नजर टेबलावर फिरतेय.

सिस्टर, तिच्याशी मग बोला. आधी मला फोडा.